बेचाळीस कंद

कंद चौऱ्याऐंशी होते. ओट्यावर त्यांचे दोन ढीग लावले होते, प्रत्येकी बेचाळीस. धाकटीनं डावा ढीग वरून मोजला, मग उजवा मोजला. मग आतून तराजू आणला आणि दोन्ही ढीग घमेल्या-घमेल्यानं तोलले. डावा भरला एकसष्ट किलो. उजवा अडतीस.

"झालं समाधान?" थोरली ओट्याच्या कडेला पाय सोडून बसली होती. "की आता एकेक कंद चावून बघणार आहेस?"

"तसं नाही हो ताई. हा ढीग जड आहे, म्हणून म्हटलं."

"जड आहे तोच तुझा. मोठे मोठे निवडून ठेवलेत मी. तू नवी सुरुवात करणार, तुला दम असलेला कंद नको?"

धाकटीला कानकोंडं झालं. वाटणीत धाकट्याच्या पदरी नेहमी उरलंसुरलं पडतं, असं माहेरी सगळ्यांनी तिला बजावून पाठवलं होतं. आणि इथं जावेनं तेवीस किलो जास्तीचं आपल्या हातानं बाजूला काढून ठेवलं होतं.

बाकीची वाटणी आधीच झाली होती. शेताच्या मधोमध बांध पडला. दोन खोल्या थोरल्याला, दोन धाकट्याला. विहीर एकच, ती सामाईक. नऊ वर्षं दोघी जावा एका चुलीपाशी बसल्या होत्या, तिथं आता मध्ये विटांची भिंत होती. ती भिंत धाकटीच्या नवऱ्यानंच बांधली. तो गवंडी होता. गावात त्याला कुणी नावानं हाक मारत नसे, गवंडीच म्हणत. आपल्याच घराच्या मधोमध भिंत घालताना त्यानं ओळंब्याची दोरी सोडून इतकी सरळ घातली, की थोरला म्हणाला, "वाटणी अशी सरळ झाली असती तर भिंत लागलीच नसती!" आणि दोघे भाऊ हसले.

राहिलं होतं काटेफळ. हा वेल मूळचा रानातला. झाडावर चढला की शेंडा गाठल्याशिवाय थांबत नाही, आणि हाताशी काही लागलं नाही तर स्वतःलाच विळखे घालतो. कोरड्या दिवसांत वरचा सगळा वाळून जातो, मातीखाली कंद तेवढा जिवंत राहतो. पावसाबरोबर त्याच कंदातून पुन्हा कोंब येतात. फळ दोन मुठींएवढं, अंगभर बोथट काटे. हिरव्याचं पिवळं होतं, पिवळ्याचं शेंदरी, आणि शेवटी इतकं लाल, की पानाआडूनही लपत नाही. आतल्या गराला रंगाच्या कारखान्याची मागणी होती. सासऱ्यानं रानातून कंद आणून, बांबूचे मांडव घालून तो माणसाळवला होता. पण एक गोष्ट त्यालाही माणसाळवता आली नव्हती. निम्मे वेल फळत आणि निम्मे नुसते फुलत. घरात त्यांना फळता आणि वांझ म्हणत. आणि कोणता कंद कोणता, हे फूल येईपर्यंत कुणाच्या बापाला कळत नसे. वांझ वेलही सासऱ्यानं कधी उपटले नाहीत. का, हे त्याला कुणी विचारलं नाही, आणि आता तो नव्हता.

कंद काढताना धाकटी घरी नव्हती. तिचा बाप शिडीवरून पडला, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून ती अकरा दिवस माहेरी होती. परत आली तेव्हा मांडव मोकळे होते, वाळलेले वेल कापून जाळलेले होते आणि राखही गार झाली होती.

"एकटीनं एवढं खणलंत?" तिनं थोरलीच्या हाताकडं पाहिलं. तळव्याला फोड येऊन फुटले होते.

"तू काय मजा मारायला गेली होतीस का? बाप कसा आहे ते सांग आधी."

त्या फुटलेल्या फोडांनीच धाकटी विरघळली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपण होऊन जावेच्या दारात गेली.

"ताई, विहिरीची सकाळची पाळी तुम्ही घ्या. मी दुपारी घेईन."

सकाळी विहीर भरलेली असे. दुपारी पोहरा खडकाला लागून वाजत असे.

"अगं, पाळी चिठ्ठ्या टाकून ठरलीय."

"असू दे. तुम्ही कंदांचं केलंत, मी पाण्याचं करते."

थोरलीनं तळव्यावरची निघालेली साल सोलून टाकली. मग म्हणाली, "बरं. तू एवढी म्हणतेस तर."

*

बेचाळीस खड्डे धाकटीनं सतरा दिवसांत खणले. खड्डा गुडघाभर खोल, तळाला शेणखत, वर भुसभुशीत माती. पहिल्या चार दिवसांत खोऱ्याचा दांडा तिच्या अंगठ्याच्या बेचक्यात रुतून बसला. पुढं तिनं तिथं चिंधी बांधली. गवंडी कामावरून संध्याकाळी यायचा, सिमेंटनं पांढरे पडलेले पाय विहिरीवर धुवायचा आणि मांडवाचे खांब पुरायला लागायचा. प्रत्येक खांबाला ओळंबा.

"वेलाला ओळंबा कळतो का?" ती म्हणायची.

"वेलाला नाही, मला कळतो ना. वाकडा खांब बघून मला जेवण जात नाही."

"मग माझ्याकडं बघून कसं जातं?"

"तुझ्याकडं कशाला बघतोय? ताटाकडं बघतो."

दुपारच्या पाण्यानं तिचे हात खांद्यातून निघून येत. पोहरा अर्धाच भरायचा, त्यातला पाव गाळ. बेचाळीस कंदांना घागर-घागर पाणी म्हणजे विहिरीशी शंभरावर खेपा. बांधापलीकडं थोरलीचं पाणी उन्हं चढायच्या आत देऊन झालेलं असे. ती झाडाच्या सावलीत बसून पुढं वेल बांधायला सुतळी वळत असे आणि मधूनच हाक मारी, "दमलीस का गं? ये, चहा घे." धाकटी जाई. चहा गोड असे.

पाऊस लागला आणि कंद फुटले. एक कुजला, एकेचाळीस वर आले. मोठ्या कंदांचे कोंबही जाड होते. दीड महिन्यात तिचे वेल मांडवावर पसरले, तेव्हा बांधापलीकडचे अजून खांबाच्या कमरेला होते. येणारंजाणारं थांबून बघे. गवंडीसुद्धा कामावरच्या लोकांना सांगे, "आमच्या हिच्या हाताला गुण आहे."

पहिली कळी पन्नासाव्या दिवशी दिसली. धाकटीनं ती हातात घेतली. फळत्या वेलाच्या कळीमागं, देठाच्या टोकाला, करंगळीच्या पेराएवढी गाठ असते, तिच्यावर आधीपासूनच बारीक काटे असतात. फळ फुलाच्या आधीच येऊन बसलेलं असतं म्हणा ना. वांझ वेलाची कळी मात्र हिरव्या टोपडीत गुंडाळलेली येते आणि तिच्यामागं नुसता देठ. या कळीला टोपडी होती.

एक वांझ निघणारच, ती मनाशी म्हणाली. दुसऱ्या दिवशी आणखी चार वेलांवर कळ्या आल्या. चारही टोपडीवाल्या. आठवडाभर ती रोज पहाटे मांडवाखाली वाकून फिरली. कळी दिसली की ती टोपडी बाजूला सारून मागं बोट फिरवायची. दहा. एकोणीस. तेहतीस. शेवटचा वेल विहिरीच्या कोपऱ्यातला होता, आणि त्याच्यावर तिनं, म्हणायला लाज वाटावी इतकी, आशा लावली होती. सातव्या दिवशी त्यालाही कळी आली. तिनं बोट फिरवलं. नुसता देठ.

एकेचाळिसातले एकेचाळीस.

ती बांध ओलांडून थोरलीच्या मांडवात शिरली. कुणाला विचारलं नाही. पहिलाच वेल, कळीमागं काटेरी गाठ. दुसरा, गाठ. तिसरा, गाठ. अकराव्या वेलाशी तिचं बोट थांबलं, कारण मांडवाच्या टोकाला थोरली उभी होती.

"काय शोधतेस?"

"ताई, तुमचे सगळे फळते आहेत."

"आहेत खरे. नशीब."

"माझे सगळे वांझ."

"अगं बाई! सगळे?" थोरलीनं गालाला हात लावला. पण तो हात जरा उशिरा वर गेला.

"कंद काढले तेव्हा वरचा वेल वाळलेला होता. पण फळांचे देठ तर वेलावर असणार. देठ बघून कंद वेगळे करता येतात."

"कंदाला काय तोंड असतं? मी आपली खणत गेले."

"मग मोठे मोठे कंद माझ्याच ढिगात कसे? वांझ वेलाला फळ पोसायचं नसतं. त्याचाच कंद मोठा होतो. हे तुम्हाला ठाऊक होतं, मला आज कळतंय. आणि वेल जाळले कशाला? दरवर्षी आपण ते आळ्यात घालतो."

थोरलीनं सुतळीचं टोक दातात धरलं, एक वेल बांधला आणि मगच बोलली.

"बरोबर निम्मे निघाले बाई. बेचाळीस आणि बेचाळीस. आता निसर्गानंच अशी वाटणी करून ठेवली, त्याला मी काय करू? तुझा नवरा रोज कमावून आणतो. आमच्या घरात शेताशिवाय दुसरं काय आहे?"

"मागितले असते तर मी दिले असते."

"तर!" थोरली हसली. "तराजू आणून तोलणारी तू!"

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, धाकटीला वाटलं, आणि केसाची धार इतक्या उशिरा कळते. ती घरी येऊन पायरीवर बसली. गवंडी आला तेव्हा तिनं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वहिनी अशी करेल वाटलं नव्हतं. पण आता भांडून कुठं जायचं? भिंतीला भिंत आहे."

"भिंत तुम्हीच बांधलीत."

"म्हणून तर सांगतोय. पाडायची अवघड असते."

*

वेल उपटून टाकावेत असं तिच्या मनात दोनदा आलं. नाही उपटले, कारण दुपारी हात रिकामे राहिले तर काय करायचं ते सुचेना. ती बांधावर बसून पलीकडं बघत राहायची. थोरलीच्या वेलांच्या सहा रांगा होत्या, प्रत्येकीत सात वेल, बांधाला समांतर. बसल्या बसल्या ती मोजायला लागली. बांधालगतच्या रांगेत त्या आठवड्यात चोवीस फुलं उमलली, त्यांपैकी एकोणिसांच्या गाठी फुगल्या. शेवटच्या, लांबच्या रांगेत तेवीस उमलली. फळ धरलं चारांनी, बाकीची पिवळी पडून गळाली. माती तीच, पाणी तेच, खत तेच.

तिसऱ्या दिवशी तिला मधमाशी दिसली. तिच्या वांझ फुलातून निघाली तेव्हा माशीचे पाय पिवळ्या पुडीनं माखलेले होते. ती बांध ओलांडून पहिल्या रांगेत गेली आणि तिथल्याच दुसऱ्या फुलात शिरली. शेवटच्या रांगेपर्यंत क्वचितच एखादी माशी पोचत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे, टोपड्या उकलायच्या आत, धाकटीनं आपल्या मांडवावरची त्या दिवशी उमलणारी सगळी फुलं खुडली. नऊ दिवस खुडली. पाचव्या दिवसापासून पलीकडं बांधालगतच्या रांगेतल्याही गाठी पिवळ्या पडायला लागल्या. थोरलीनं औषध मारलं. थोरल्यानं आळी उकरून राख घातली. गाठी गळतच राहिल्या.

दहाव्या दिवशी सकाळी धाकटीनं तिघांना बांधावर बोलावलं: थोरला, थोरली आणि कामावर निघालेला गवंडी.

"हे बघा," ती म्हणाली. एक वांझ फूल तिनं राखून ठेवलं होतं. त्याची टोपडी आणि पाकळ्या मागं दुमडल्या, आणि आतला पिवळा भाग फळत्या फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवून फिरवला. मग ते फूल तसंच पालथं ठेवलं आणि देठाला लाल दोरा बांधला. "या रांगेत आज सहा फुलं आहेत. पाच दिवसांनी बघू."

"शाळा भरवलीस की," थोरली म्हणाली.

पाच दिवसांनी दोरा बांधलेली गाठ अंगठ्याएवढी झाली होती. उरलेली पाच फुलं खाली पडली होती. थोरला उकिडवा बसून बराच वेळ त्या गाठीकडं बघत राहिला. तो कमी बोलणारा माणूस होता.

"म्हणजे वांझ वांझ नसतो," तो म्हणाला.

"नसतो."

"तुला काय पाहिजे?"

"बारा कांड्या. फळत्या वेलाच्या, तीन तीन डोळ्यांच्या. कांडी लावली की आईवेलासारखीच निघते. पावसाचे अजून बावीस-पंचवीस दिवस आहेत, त्यात लावल्या तर मुळं धरतील, कंद बसेल. यंदा मला फळ नको. कांड्या मिळाल्या त्या दिवसापासून मी माझ्या फुलांना हात लावणार नाही. तुमच्या सहाही रांगा फळतील."

"बारा?" थोरली म्हणाली. "वेलाला कात्री लावली की वेल खचतो."

"बेचाळीसमध्ये बारा ताई. खचतील तेवढे खचू दे."

थोरला उठला, गुडघे झटकले. "देतो. सोमवारी."

त्याच दिवसापासून गवंडी बदलला. आतापर्यंत तो या प्रकरणात तोंड घालत नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र ती फुलं खुडत असताना तो मांडवाखाली आला.

"कुठं टाकतेस ही?"

"विहिरीमागं."

"उघडी टाकू नकोस. माशा तिथंही येतात. दे, मी जाता जाता खताच्या खड्ड्यात पुरतो."

त्यानं टोपली तिच्या हातातून घेतली, कुदळ खांद्यावर टाकली आणि खालच्या अंगाला खड्ड्याकडं गेला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच घरातलं कुणीतरी तिच्या बाजूनं कुदळ उचलत होतं. त्या दिवशी तिनं त्याच्या डब्यात त्याच्या आवडीचं घालून दिलं आणि त्याचा ओळंबा पुसून पिशवीत ठेवला.

सोमवार आला. थोरला म्हणाला, "कात्रीला धार नाही. गुरुवारी देतो." गुरुवारी म्हणाला, "वेल ओला आहे. ओल्यात कापला तर कुजेल. ऊन पडू दे." ऊन पडलं त्या दिवशी थोरली म्हणाली, "हे परगावी गेलेत. त्यांच्या हातानंच द्यायच्यात."

"ताई, दिवस जातायत. पाऊस थांबला तर कांडी धरणार नाही."

"देणार म्हटलं ना? एवढी कसली घाई? तुला काय, माणसावर विश्वासच नाही."

धाकटी घरी आली. तिला टोचत होतं ते ऐकलेलं उत्तर नव्हतं. थोरलीची चिंता गेली होती, ते टोचत होतं. पंधरा दिवसांपूर्वी गाठी गळत होत्या तेव्हा ती बांधावर येऊन बोटं मोडायची. आता ती मांडवाखाली गुणगुणत होती.

"गवंडी," तिनं रात्री जेवताना विचारलं, कारण चिडली की तीही त्याला गवंडीच म्हणे, "ताईंना फळाची काळजी वाटत नाही वाटतं?"

"असेल वाटत. बोलत नसेल," तो ताटाकडं बघत म्हणाला.

पुढच्या दिवशी थोरली बाजाराला गेल्यावर ती बांध ओलांडून आत गेली. पानांचा पडदा आता जमिनीपर्यंत आला होता, बाहेरून आतलं काही दिसत नव्हतं. पानं सारली. पहिल्या रांगेत मुठीएवढी फळं लोंबत होती. ती सरळ शेवटच्या रांगेत गेली. तिथंही होती. त्या सकाळी उमललेलं एक फळतं फूल तिच्या नाकासमोर होतं, आणि त्याच्या मध्यावर दुसरं एक फूल पालथं टेकवलेलं होतं. पाकळ्या मागं दुमडलेल्या. देठाशी हिरवी टोपडी.

त्या अख्ख्या मांडवात टोपडीचं फूल येणारा एकही वेल नव्हता. तिनं पुढचं फूल बघितलं. तिथंही टोपडी होती.

ती परत आली. विहिरीची दुपारची पाळी होती, तरी पाणी काढलं नाही. संध्याकाळी गवंडी आला, पाय धुतले, जेवला. तिनं ताटं घासली. कोपऱ्यात त्याचा कामाचा सदरा खुंटीला होता. तो तिनं तपासला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावसाची नुसती भुरभुर होती. तिनं नेहमीसारखी फुलं खुडली, पण या वेळी टोपलीत टाकताना एकेक मोजून टाकलं. शहाण्णव झाली.

"दे," गवंडीनं हात पुढं केला.

"जड नाहीयेत. मी टाकते आज."

"भिजशील. दे इकडं."

तिनं टोपली दिली. "नीट पुरा," ती म्हणाली.

"पुरतोच की रोज."

तो खालच्या अंगाला गेला. ती मांडवाखाली उभी राहिली, आणि पानांवरून पाणी तिच्या मानेत उतरत राहिलं. थोड्या वेळानं तो रिकामी टोपली पायरीवर ठेवून, पिशवी घेऊन कामावर गेला. जाताना म्हणाला, "दादा आज नक्की देईल बघ कांड्या."

तो वळणाआड गेल्यावर ती खताच्या खड्ड्याशी गेली. ताजी माती एका कोपऱ्यात थापटून सपाट केली होती, कडा अगदी रेषेत. तिनं शेजारी पोतं पसरलं, गुडघे टेकले आणि हातानं माती उकरली. फुलं वरच होती, अजून टवटवीत. एकेक काढून, माती झटकून, तिनं ती पोत्यावर दहा-दहाच्या रांगेत मांडली. मग खड्डा कोपरभर खोल उकरला. खाली कालची फुलं लागली, काळी पडलेली. ती तिनं मोजणीत धरली नाहीत.

पोत्यावर सहा रांगा झाल्या आणि सातवीत एक फूल.

शहाण्णवांतली एकसष्ट.